वाचकांचे प्रश्न : काळात पुढे जाता येतं, मग मागे का नाही?

या वेळी टिळकवाडी, चिकोडी, निपाणी, शहापूर आणि खानापूरहून आलेली पत्रं एकाच विषयावरची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : बेळगावात राहणारा माणूस कारवारच्या माणसापेक्षा लवकर म्हातारा होतो, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. यात तथ्य आहे का? (टिळकवाडी, बेळगाव)

आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार उंचावरचं घड्याळ खालच्यापेक्षा किंचित जलद चालतं. किती, ते वहीवर काढता येतं. उंचीतला फरक मीटरमध्ये घ्या, त्याला ९.८ ने गुणा आणि प्रकाशवेगाच्या वर्गाने, म्हणजे ९ वर १६ शून्यांनी, भागा. हा झाला एका सेकंदातला फरक, दिवसाचा काढायला ८६,४०० ने गुणा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. फरक येतो दिवसाला ७ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग), वर्षाला २.६ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षावे भाग). ऐंशी वर्षं बेळगावात काढली तरी कारवारकरापेक्षा वय जेमतेम ०.२ मिलिसेकंदाने वाढतं. मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला अर्ध्या सेकंदापर्यंत चुकू शकतं, त्यापुढे हा फरक दिसणार कुठून? प्रयोगशाळेतल्या अणुघड्याळांनी मात्र २०२२ मध्ये एका मिलिमीटर उंचीमुळे पडणारा फरकसुद्धा मोजला आहे.

प्रश्न : जमीन मोजणारे जीपीएसचं यंत्र घेऊन येतात. त्यात आइन्स्टाइनची दुरुस्ती नसेल तर रोज ११ किलोमीटरची चूक होईल, असं वाचलं. मग आमच्या बांधाचं काय? (चिकोडी)

आकडा कुठून येतो ते आधी पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ पुढे जातात. वजाबाकी केली की ३८ पुढे. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो.

इथवर बरोबर. पण सगळ्याच उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली, तर ती चूक तुमच्या यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाच्या चुकीत मिसळून जाते. यंत्राला किमान चार उपग्रह लागतात ते यासाठीच: तीन उपग्रह तुमची जागा काढायला, चौथा यंत्राचं घड्याळ जुळवायला. त्यामुळे बांध ११ किलोमीटर सरकणार नाही. खरा त्रास असतो तो कक्षेच्या लंबगोलपणाचा, कारण ती चूक प्रत्येक उपग्रहाची वेगळी. विकेंद्रता, म्हणजे लंबगोलपणाचं माप, ०.०१ असेल तर ती २३ नॅनोसेकंदांपर्यंत जाते, म्हणजे ७ मीटर. गुंठ्यांच्या हिशेबात ७ मीटर म्हणजे भाऊबंदकीला निमंत्रणच. ही दुरुस्ती यंत्रातलं सॉफ्टवेअर आपोआप करतं. ३८ मायक्रोसेकंदांची सोय तर उपग्रह सोडण्याआधीच झालेली असते: घड्याळाची वारंवारिता, म्हणजे स्पंदनांचा वेग, १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ ठेवतात. शेतातली मोजणी चुकते ती बहुधा दाट झाडोऱ्यामुळे, किंवा पत्र्याच्या शेडवर आपटून आलेल्या सिग्नलमुळे. मोजणीच्या वेळी तिकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : अंतराळवीर काळात पुढे जातात म्हणे. शंभर वर्षं पुढे जायचं तर काय लागेल? (निपाणी)

शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये सुमारे २० दिवस अंतराळात होते. ते राहिले त्या अंतराळ स्थानकाच्या वेगामुळे घड्याळ हळू होतं, उंचीमुळे थोडं जलद, आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद वाचतात. म्हणजे ते आपल्यापेक्षा जवळपास अर्धा मिलिसेकंद पुढच्या काळात उतरले. हा काळप्रवास खराच आहे.

यानातली ५० वर्षं म्हणजे पृथ्वीवरची १००, असं हवं असेल तर वेग प्रकाशाच्या ८६.६ टक्के लागतो. ६० किलोच्या एका माणसाला, यान आणि इंधन सोडून, तेवढा वेग द्यायला दीड लाख कोटी युनिट वीज हवी. साऱ्या भारतात वर्षभरात तयार होणारी वीज साधारण याच घरातली आहे. शरीराला सोसेल अशा, पृथ्वीवरच्या वजनाइतक्याच जोराने वेग वाढवला तर तिथवर पोचायला यानातलं सव्वा वर्ष जातं. त्यात त्या वेगाला अंतराळातले विरळ हायड्रोजनचे अणूही समोरून किरणोत्सर्गासारखे आदळतात, त्यामुळे जाड कवच हवं. कवचाचं वजन वाढलं की वीज आणखी.

प्रश्न : १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आमच्या घरात आजही तो विषय निघतो. पुढे कधी यंत्र झालंच, तर कुणी त्या दिवसाच्या आधी जाऊन काही बदलू शकेल का? (शहापूर, बेळगाव)

या प्रश्नामागची कळ समजते, म्हणून उत्तर स्पष्टच देतो: नाही.

मागे नेणारे मार्ग गणितात सापडले आहेत. १९४९ मध्ये गणितज्ञ कुर्ट गोडेलने दाखवलं, की अख्खं विश्व स्वतःभोवती फिरत असेल तर वाट वळून स्वतःच्याच भूतकाळाला मिळू शकते. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्याचा, मार्ग मांडला. त्याचं एक तोंड प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरवून परत आणायचं. त्या तोंडाचं घड्याळ मागे राहतं, मग तिकडून शिरून इकडून आधीच्या वेळी बाहेर पडायचं. पण दोन तोंडांच्या घड्याळांत फरक पडला, त्या क्षणाच्या मागे या वाटेने जाताच येत नाही. यंत्र २१०० मध्ये झालं तर त्याचं सगळ्यात जुनं दार २१०० चंच. १९५६ त्याच्या बाहेर राहतं.

शिवाय मीटरभराचं तोंड उघडं ठेवायला जवळपास गुरू ग्रहाच्या वस्तुमानाइतकी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा हवी. प्रयोगशाळेत तिचा नुसता मागमूस मिळतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं १९९२ मधलं अनुमान असं, की असं यंत्र सुरू होताच तिथली ऊर्जा भडकून ते मोडेल. हे अजून सिद्ध झालेलं नाही. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगॉर नोविकोव्हचं म्हणणं याहून कठोर: कुणी मागे गेलाच, तर त्याचं जाणंही घडलेल्या इतिहासाचाच भाग असतं, त्यामुळे निकाल बदलत नाही.

त्या दिवसाचा प्रकाश आज सुमारे ७० प्रकाशवर्षं दूर आहे आणि आपण त्याला कधीच गाठणार नाही. तिथे कुणी असेल आणि त्याला आपल्या रस्त्यावरचा माणूस नुसता ठिपक्याएवढा दिसायला हवा असेल, तरी दुर्बिणीचा व्यास पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट लागेल. तेव्हा ज्यांनी तो दिवस पाहिला, ती आज ऐंशीच्या घरातली माणसं हाच खरा मार्ग. त्यांना गल्ली, नावं, सकाळी कुणी काय सांगितलं, असं नेमकं विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

प्रश्न : शाळेत मुलांना काळ हळू होतो हे दाखवता येईल का? (शिक्षिका, खानापूर)

नक्की येईल. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत नष्ट होतात. खाली यायला ५० मायक्रोसेकंद लागतात. त्यांचं घड्याळ आपल्यासारखं चालतं, तर आठशे कोटींत एखादाच पोचला असता. प्रत्यक्षात ते तळहातावरून सतत जात असतात, कारण सरासरी ऊर्जेच्या म्यूऑनचा काळ सुमारे चाळीसपट हळू असतो.

ते पाहायला ढगपेटी करा. साधारण ३० बाय २० सेंटिमीटरची पारदर्शक पेटी घ्या. तळाच्या आतल्या बाजूने फेल्टची पट्टी चिकटवा आणि ती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा. पेटी काळ्या रंगाच्या धातूच्या पत्र्यावर उपडी ठेवून कडा टेपने बंद करा. पत्र्याखाली ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरा. खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत बाजूने, पत्र्याला लागून सोडा. १०-१५ मिनिटांत तळाशी धुकं आणि त्यात रेघा दिसू लागतात: लांब सरळ रेघ बहुधा म्यूऑनची, वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची, आखूड जाड अल्फा कणाची.

रेघा दिसल्या नाहीत तर आधी अल्कोहोल तपासा. सॅनिटायझर किंवा ७० टक्केवालं चालत नाही, पाणी गोठून घोळ होतो. मग टेप कुठे सुटलाय का आणि पत्रा समपातळीत आहे का ते बघा. झोत वरून असेल तरी काही दिसत नाही.

ड्राय आइस उणे ७८ अंशांवर असतो. जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका, अंधारासाठी पडदे ओढले तरी खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात भरू नका, वायू साठून डबा फुटतो.