गोळ्या संपल्या आणि दवाखाना बंद

प्रश्न : सासूबाई गणपती बघायला कराडहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना फिटचा त्रास आहे, गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू असतात. ऐन अनंत चतुर्दशीला दुपारी लक्षात आलं की गोळ्यांचा डबा कराडलाच राहिला. माझ्या मोबाईलमध्ये आठ महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो होता. पहिल्या मेडिकलवाल्याने तो बघून ‘जुनी आहे, चालणार नाही’ म्हणत परत पाठवलं. दुसऱ्याने काही न विचारता स्ट्रिप हातात ठेवली. घरी येऊन बघतो तर सोडियम व्हॅल्प्रोएट 300 सीआरऐवजी साधी 200 ची गोळी. यातलं बरोबर कोण? अशा अडचणीत केमिस्टला चार गोळ्या देता येत नाहीत का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : माझ्या मते दोघेही चुकले, आणि दुसरा जास्त चुकला. सोडियम व्हॅल्प्रोएटची सीआर गोळी औषध हळूहळू सोडते, साधी गोळी लवकर. रक्तातलं प्रमाण एकसारखं राहावं म्हणून डॉक्टरांनी सीआर लिहिलेली असते. डॉक्टरांना न विचारता प्रकार आणि ताकद दोन्ही बदलणं हा फिटच्या पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. तुम्ही स्ट्रिप वाचलीत हे फार चांगलं केलंत.

पहिल्याने नियम पाळला. 1945 च्या औषध नियमांतला 65 वा नियम सांगतो की शेड्यूल एचमधलं, म्हणजे फक्त चिठ्ठीवर विकायच्या यादीतलं, औषध डॉक्टरांच्या सही-तारखेच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि ‘पुन्हा द्यावे’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. अडीनडीला थोड्या गोळ्या देण्याची मुभा त्यात नाही. पण नकार देऊन फार्मासिस्टचं काम संपत नाही. फिटची गोळी चुकली तर काय होऊ शकतं हे त्याने शिकलेलं असतं. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर असतो. तो काउंटरवरूनच लावायला हवा होता. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेल्या आपल्या पेशंटशी फोनवर बोलून चालू औषध पुन्हा लिहून देऊ शकतात, आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो. आमच्या औषधाच्या दुकानात असा फोन मी नेहमी लावते. डॉक्टर बहुतेक वेळा उचलतात, कारण पेशंटला फिट आलेली त्यांनाही नको असते.

कराडच्या डॉक्टरांनी फोन उचललाच नसता तर? कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरची नवी चिठ्ठी चालते. गल्लीतले फॅमिली डॉक्टर जुना फोटो बघून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या लिहून देऊ शकतात. तेही नसतील तर ससूनचा तातडीचा विभाग रात्रंदिवस उघडा असतो. मिरवणुकीमुळे रस्ते बंद असले तरी संध्याकाळचा डोस चुकायच्या आत निघायचं.

प्रत्येक औषधाला अशी धावपळ लागत नाही. थायरॉईडची गोळी शरीरात बरेच दिवस टिकते, एक-दोन दिवसांनी फारसं बिघडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. याउलट टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन एक दिवसही थांबवता येत नाही. स्टेंट बसवल्यावरची क्लोपिडोग्रेल, छातीत दुखणाऱ्या पेशंटची मेटोप्रोलोल, महिनोन्‌महिने चालू असलेली प्रेडनिसोलोन, ही औषधं अचानक तुटली तर माणूस थेट आयसीयूत जाऊ शकतो. घरात यांपैकी काही चालू असेल तर शेवटची स्ट्रिप फोडाल त्याच दिवशी पुढची आणा.

ब्रिटनमध्ये या अडचणीसाठी कायद्यातच सोय आहे. औषध आधी डॉक्टरांनी लिहिलेलं असेल आणि गरज तातडीची असेल, तर फार्मासिस्ट पेशंटशी बोलून, नोंद करून बहुतेक औषधं जास्तीत जास्त 30 दिवसांची देऊ शकतो. अमेरिकेत ओहायो राज्यात 72 तासांपुरतं औषध द्यायची मुभा होती, पण इन्सुलिन 72 तासांच्या पॅकमध्ये येतच नाही. 2014 च्या सुरुवातीला तिथे टाइप 1 मधुमेहाचा एक तरुण इन्सुलिन न मिळाल्याने गेला. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि कायदा बदलला. आपल्याकडेही अशी मोजकी, लेखी मुभा हवी असं मला मनापासून वाटतं : तीन दिवसांच्या गोळ्या, रजिस्टरमध्ये नोंद, डॉक्टरांना कळवणं बंधनकारक, आणि झोपेच्या गोळ्या व अँटिबायोटिक्स त्यातून वगळलेली. तशी मुभा नाही म्हणून आज प्रामाणिक केमिस्ट पेशंटला परत पाठवतो आणि बेफिकीर केमिस्ट हवं ते देतो.

तोवर एक काम करा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘दरमहा, सहा वेळा द्यावे’ असं लिहायला सांगा. मग जुनी म्हणून ती कोणी नाकारणार नाही. आणि स्ट्रिप कापताना नावाची बाजू शेवटपर्यंत ठेवा. माझ्याकडे लोक दोन गोळ्यांचा तुकडा घेऊन येतात, त्यावर नावाची मधली तीन अक्षरं असतात, ताकद कापून गेलेली असते. त्यावरून औषध ओळखायचा प्रयत्न कोणीही करू नये.

प्रश्न : आईला झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू आहे. नेहमीचा केमिस्ट आता चिठ्ठीशिवाय देत नाही. ओळखीवर मिळेल का?
– एक वाचिका, हडपसर

उत्तर : नाही, आणि मागूही नका. हे औषध शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे शेड्यूल एचपेक्षा कडक यादीत आहे. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. तुमचा केमिस्ट बरोबर वागतोय. मात्र आई रोज घेत असतील तर गोळी एकदम बंद करू नका, त्याने घबराट, थरथर, क्वचित फिटही येते. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि डोस हळूहळू कमी करता येईल का, हे विचारा.