बिडाचं भांडं, उघड्यावरची चूल: वाचकांचे प्रश्न

हुरड्याचा आणि डोंगरवाटांचा मोसम आला की एका तक्रारीची पत्रं हमखास येतात: घरी गुणी असलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) भांडं लाकडाच्या विस्तवावर गेलं की बिनसतं. त्यातली काही पत्रं आणि आमची उत्तरं.

शेतावर तीन दगडांच्या चुलीवर बिडाच्या तव्यात घावनं करतो. मधे करपतात, कडा पांढऱ्या आणि चिकट राहतात. तोच तवा, तेच पीठ, पण घरी गॅसवर छान जाळी पडते. चुकतं कुठे? (ठाणे)

तुम्ही जाळावर शिजवताय, तिथेच चुकतं. बीड उष्णता धरून ठेवतं हे खरं, पण ते ती पसरवतं फार सावकाश. ॲल्युमिनियम या कामात बिडाच्या साधारण चौपट चलाख. म्हणून ज्वाळेचं टोक तव्याला जिथे लागतं तिथेच तो तापतो, आणि चार बोटं पलीकडे कोमट राहतो. गॅसच्या बर्नरला निदान गोल कडं असतं. लाकडाची ज्वाळा मात्र वारा नेईल तिकडे झुकते आणि वाऱ्याच्या पाठची कड आधी करपते.

घावनाला जाळ नको, निखारा हवा. मनगटाएवढी जाड, खडखडीत वाळलेली लाकडं पेटवा आणि पाऊण तास नुसती जळू द्या. चूल इंग्रजी ‘यू’च्या आकाराची ऐसपैस मांडून तिचे दोन भाग करा. मागे जाळ चालू ठेवायचा, पुढे निखारे ओढून त्यावर रांधायचं. पुढचे निखारे मंदावले की मागचे ओढायचे. रांधताना तव्याखाली नवं लाकूड सारायचं नाही. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: धग कमी वाटली की लाकूड सारतात, दोन मिनिटं नुसता धूर होतो, मग एकदम भडका.

दहा इंची तव्याला निखाऱ्यांचा थर दोन बोटं जाड पुरतो. तो तव्याएवढाच रुंद पसरा आणि मधे थोडा विरळ ठेवा, कारण मधे धग आपोआप साठते. तवा निखाऱ्यांपासून वीतभर नको, चार ते पाच इंच वर राहील असे दगड लावा. मग रिकामा तवा आठ-दहा मिनिटं तापू द्या आणि दर दोन मिनिटांनी पाव फेरा फिरवा. कान नसेल तर सांडशीनं फिरवा.

आता पाण्याचे चार थेंब शिंपडा. थेंब जागीच बसून बुडबुडले तर तवा गार आहे. चर्र करून लगेच उडून गेले तर पीठ घाला. मण्यांसारखे घरंगळत पळाले तर घावनासाठी तवा जास्त तापलाय. अशा वेळी निखाऱ्यांवर मूठभर राख भुरभुरवा. राखेनं हवा अडते आणि धग बसते. तव्यावर पाणी ओतून तो गार करू नका. बीड ठिसूळ असतं, तडकतं.

कांद्याच्या फोडीनं तेल फिरवून पातळ पीठ कडेकडून आत सोडा आणि झाकण ठेवा. प्रत्येक घावन तव्याची उष्णता ओढून घेतं, आणि बीड ती लगेच भरून काढत नाही. दोन घावनांमधे मिनिटभर थांबा. पहिलं चांगलं झालं आणि तिसरं चिकटलं, की लोक पिठाला दोष देतात. घाई कुणाला आठवत नाही.

भाकरीलाही हेच लागू का? (सोलापूर)

निखारेच, पण दुप्पट थर आणि तवा जास्त तापलेला. चिमूटभर पीठ तव्यावर टाका. पाच-सहा सेकंदांत ते तांबूस झालं तर भाकरी टाका, पडताक्षणी काळं पडलं तर थांबा. वरचं पाणी सुकत आलं की उलटा. दुसरी बाजू शेकली की तवा बाजूला सरकवून भाकरी निखाऱ्यांपुढे उभी धरा. फुगायला थेट धग लागते, ती बिडातून मिळत नाही.

कोणतं लाकूड आणि किती? (नाशिक)

बाभूळ, खैर, धावडा. जड लाकडाचा निखारा टिकतो. सावर, पांगारा आणि नारळाच्या झावळ्या पेटवणीपुरत्या. बांबूची बंद पेरं फुटतात आणि ठिणग्या उडतात. कण्हेर विषारी आहे, आणि बिब्ब्याच्या लाकडाचा धूरही अंगावर उठतो. नीट ओळख पटल्याशिवाय रानातलं लाकूड चुलीत घालू नका. चार-पाच माणसांच्या एका जेवणाला चारेक किलो कोरडं लाकूड लागतं. ओढ्यातले ओले गोटे चुलीला लावू नका; आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

हे सगळं शेतात किंवा परवानगी असलेल्या तळावर. राखीव वनात विस्तव पेटवणं हा 1927च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. निघताना विस्तवावर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. राखेत हात घालवेल इतकी ती गार हवी.

थर्मामीटर नाही. धग ओळखायची कशी? (कोल्हापूर)

भांडं जिथे बसणार त्या उंचीवर तळहात आडवा धरा आणि ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. दोन-तीनला हात काढावा लागला तर धग कडक: भाकरी, मासे तळणं. पाच-सहाला मध्यम: घावनं, थालीपीठ. आठ-दहापर्यंत टिकला तर मंद: भात मुरवणं, रस्सा आटवणं. ज्याचा त्याचा हात वेगळा, तेव्हा दर वेळी एकाच माणसानं मोजावं.

इथे बारा इंची बिडाचा डच ओव्हन घेतलाय: तीन पाय, सपाट झाकण, झाकणाला उभा काठ. आजीच्या पद्धतीनं वर-खाली निखारे ठेवून काकडीचं धोंडस (रवा-गुळाचा कोकणी केक) करायचं आहे. दुकानातल्या कोळशाच्या वड्या किती घालू? (डॅलस, अमेरिका)

झाकणाचा काठ वर निखारे ठेवण्यासाठीच असतो. अंदाज सोपा आहे: भांड्याच्या व्यासाचे जितके इंच, त्याच्या दुप्पट वड्या. बारा इंचाला 24, आणि आत सुमारे 175 अंश सेल्सिअस. भाजायच्या पदार्थाला एक तृतीयांश खाली, दोन तृतीयांश वर, म्हणजे 8 आणि 16. धोंडसात गूळ असतो आणि तो बुडाशी चटकन जळतो, म्हणून आम्ही 7 खाली, 17 वर सुचवू. खालच्या वड्या गोल कड्यात, बुडाच्या कडेपासून इंचभर आत मांडा. बरोबर मधे एकही नको. वरच्या काठालगत लावा आणि दोन-तीन मधे.

वड्या वेगळ्या पेटवा आणि अंगावर राखाडी थर येईपर्यंत थांबा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधीच रॉकेलसारखं काही लावलेल्या, चटकन पेटणाऱ्या वड्या घेऊ नका, वास पदार्थाला लागतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा उजवीकडे आणि झाकण पाव फेरा डावीकडे फिरवा, म्हणजे एकच निखारा एकाच जागेवर बसत नाही. झाकण उघडण्याआधी राख झटका, नाहीतर ती धोंडसात पडते. चाळीस मिनिटांच्या आत उघडू नका. बीड तापलेलं राहिलं तरी आतली वाफ निघून जाते. वड्या पाऊण ते एक तास चालतात, म्हणून आठ-दहा बाजूला पेटत ठेवा. वारा असेल तर त्या लवकर संपतात, आडोसा करा.

सुरी स्वच्छ निघाली की आधी खालचे निखारे ओढून काढा, वरचे पाच मिनिटं राहू द्या. रंग वरून येतो. आत हळदीची पानं अंथरली असतील तर बूड सुटायलाही सोपं.

तंबूत किंवा बंद गॅरेजमधे हे करू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मटणाचा रस्सा नेमका शेवटी बुडाला लागतो. (सातारा)

कारण तुम्ही शिजल्यावर विस्तव काढता. जाड बिडाची कढई विस्तव निघाल्यावरही दहा मिनिटं शिजवत राहते. मटण शिजायला दहा मिनिटं उरली असतानाच खालचे निखारे बाजूला करा. उकळी फुटल्यावर कढई निखाऱ्यांच्या मधे नको, एका कडेला अर्धी बाहेर ठेवा. मग एकीकडेच बुडबुडे येतात आणि दाटलेला रस्सा तिकडून इकडे फिरत राहतो. पळीनं बूड खरवडत राहा. आणि आमसूल किंवा चिंच उतरवताना घाला. बिडात आंबट फार वेळ उकळलं तर भांड्यावर मुरलेला तेलाचा काळा थर निघतो, रस्साही काळवंडतो.

तव्यावरचा काळा थर चुलीवर मधेच निघून राखाडी डाग पडले. तवा टाकून द्यायचा का? (रत्नागिरी)

नाही. तव्याखाली फुंकणी मारून लाल निखारा केलात, त्या जागी तेलाचा थर जळून गेला. डाग घासा, तवा पूर्ण सुकवा, जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल अगदी पातळ लावून पुसून काढा आणि मंद निखाऱ्यांवर धूर थांबेपर्यंत ठेवा. असं तीन-चार वेळा. तेल जाड लावलंत तर थर चिकट राहील. फुंकणी मागच्या जाळासाठी ठेवा.