मल्टिपाथ अद्ययावत करण्यापूर्वी
रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर मल्टिपाथचे (एकाच स्टोरेज डिस्कपर्यंत अनेक मार्गांनी पोहोचण्याच्या सोयीचे) पॅकेज प्रथमच अद्ययावत करणार असाल, तर आधी प्रत्येक लनचे (LUN, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्कचे) सर्व मार्ग चालू असल्याची खात्री करा; एकही मार्ग बंद आढळल्यास अपडेट पुढे ढकला. मल्टिपाथची डीमन (पार्श्वभूमीत चालणारी) सेवा पुन्हा सुरू केल्याने वाचन-लेखन थांबत नाही, कारण ते काम कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) डिव्हाइस मॅपर हा भाग करतो; मात्र तेवढ्या वेळात तुटलेला मार्ग परत जोडला जात नाही. रूट फाइलसिस्टीमच (जिच्यात मूळ सिस्टीम असते ती) सॅनवर, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या सामायिक स्टोरेजवर असेल, तर माझ्या मते सर्वाधिक लक्ष इनिटरॅमएफएसकडे (सर्व्हर सुरू होताना आधी लोड होणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीमकडे) द्यावे: त्यात मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशनची प्रत असते आणि बदलांनंतर ड्रॅकट या साधनाने ते नव्याने तयार केले नाही, तर पुढच्या रीबूटला सर्व्हर जुन्याच नियमांनी सुरू होतो, किंवा सुरूच होत नाही. क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात) अपडेटसाठी एका वेळी एकच नोड, म्हणजे एकच सर्व्हर घ्या.