जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

प्रश्न : आमच्या नोंदणी-ॲपमध्ये 15 ऑगस्ट ही जन्मतारीख भरली, की सर्व्हरवर 14 ऑगस्ट दिसते. असे का होते?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचा प्रोग्राम बहुधा तारखेला मध्यरात्रीची वेळ जोडून ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) बदलत असावा, भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्याने 15 तारखेचे 00:00 म्हणजे तिथे 14 तारखेचे 18:30 होतात आणि पुढे वेळ छाटली की एक दिवस हरवतो. साडेपाच तास मिळवण्याची मलमपट्टी कृपया करू नका, कारण सिंगापूरहून फॉर्म भरला गेल्यास ती तोकडी पडेल. जन्मतारखेला वेळ नसतेच. ती डेटाबेसमध्ये ‘डेट’ प्रकारच्या, म्हणजे फक्त तारीख साठवणाऱ्या रकान्यातच ठेवावी. व्यवहाराची वेळ मात्र यूटीसीत नोंदवावी. न्यूयॉर्कमधील पुढील भेटीसाठी स्थानिक वेळेसोबत टाइम झोनचे नावही साठवावे, कारण तिथली घड्याळे मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे सरकतात.