कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलीला

नाशिक, २ ऑगस्ट २०२०

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. ‘बाई, शाळा सुरू आहे पण मी शाळेत नाही,’ असं लिहिलंयस आणि लगेच खाली ‘आई म्हणते नाटकं करते.’ आईवर रागावू नकोस. बाबांचा अंबडचा कारखाना पुन्हा पूर्ण पाळ्यांत कधी चालेल, याच विचारात ती आहे. पण नाटकं तू करत नाहीयेस, हे मी तिलाही फोन करून सांगणार आहे. मार्चमध्ये शाळा अचानक मिटली, नववीची शेवटची परीक्षाही झाली नाही, आणि एक दिवस हातातल्या मोबाईलवर तुझी दहावी सुरू झाली. असं झाल्यावर कुणालाही सुनं सुनं वाटेल.

नुसतं बसून दमायला काय होतं, असं घरात विचारतात ना? त्याला कारणं आहेत. आवाज क्षणभर उशिरा येतो, मध्येच तुटतो आणि तुटलेलं वाक्य तुला डोक्यात जुळवावं लागतं. बोलणारा स्क्रीनकडे पाहतो, कॅमेऱ्याकडे नाही. त्यामुळे नजरेला नजर मिळतच नाही. कोपऱ्यात तुझाच चेहरा तुझ्याकडे टक लावून बघत असतो, आणि स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे चुरचुरतात. तो स्वतःचा चौकोन लपवता येतो, लपव. दर वीस मिनिटांनी गॅलरीतून लांबचं काही बघ, पाऊस असला तरी.

आता तू जे सर्वात शेवटी, घाईघाईत लिहिलंस त्याबद्दल. ‘सगळ्यांना कळतं, मलाच कळत नाही.’ हे तुला कुणी सांगितलं? वर्गात सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं की शेजारची पेन चावते, मागचा बाक कुजबुजतो, एखादी सरळ खिडकीबाहेर बघते. आपल्यासारखेच दहा जण गडबडलेत हे न विचारता समजतं, आणि सरांनाही समजतं. ते थांबून पुन्हा सांगतात. आता तुला दिसतात ती काळ्या चौकोनातली चाळीस नावं. सरांनाही तेवढंच दिसतं. ते ‘समजलं का?’ विचारतात, दोघे-तिघे ‘यस सर’ टाइप करतात आणि तास पुढे जातो. बाकीचे तुझ्याइतकेच गप्प आहेत गं.

म्हणून कॅमेऱ्याचा आग्रह मी धरणार नाही. एका खोलीत आई कुकर लावतेय, बाबा झोपलेत, ते सगळ्या वर्गाला का दिसावं? कॅमेरा चालू म्हणजे शिस्त, हे मला कधीच पटलेलं नाही. माइक मात्र दिवसातून एकदा उघड. ‘सर, दुसरी पायरी परत सांगता का?’ एवढंच. धीर नाही झाला तर तास संपल्यावर सरांना व्हॉइस मेसेज पाठव. त्यांना त्याची तुझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

तुला माहीत आहे, निवृत्तीनंतर मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवत होते. ते विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, १९८९ सालचं. घरी राहून, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी काढलेलं. माझ्याकडे अंगणवाडीताई यायच्या, कंपनीत रात्रपाळी करून आलेले यायचे. पुस्तकं सगळ्यांकडे सारखीच असायची. टिकायचे ते मात्र बहुतेक असे, ज्यांना फोन करून ‘तुझं कुठवर आलं?’ विचारणारं कुणीतरी होतं. हुशारीचा फारसा संबंध मला दिसला नाही.

तुझ्यासाठी ते कुणीतरी म्हणजे वसतिगृह बंद झाल्यावर सुरगाण्याला गेलेली तुझी मैत्रीण. तिला रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं म्हणतेस, म्हणजे व्हिडिओ विसर. रोज वहीच्या पानांचे फोटो तिला पाठव. रेंज मिळेल तेव्हा उतरतील. मग साध्या फोनवर तिला तो भाग समजावून सांग. जिथे अडखळशील, तिथे तुलाच कळलेलं नाही हे तिथल्या तिथे समजेल. शिवाय तीही शाळेत राहील.

मोबाईलची भांडणं: धाकट्याला सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लावून दे. २० जुलैपासून सुरू आहे, पहिली ते आठवीसाठी. तेवढा वेळ फोन तुझा. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहे, पण छापील पुस्तक असताना तीही स्क्रीनवर वाचू नकोस. आणि सलग सहा तास चालत असतील तर बाबांना मुख्याध्यापकांशी बोलू दे. केंद्राच्या जुलैमधल्या मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची चारच सत्रं सांगितली आहेत.

बोर्डाची धास्ती आत्ता नको. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलाय. बुधवारी ज्यांचा निकाल लागला, त्यांचा भूगोलाचा पेपर झालाच नव्हता. इतर विषयांच्या सरासरीवर गुण मिळाले. पुढच्या मार्चमध्ये काय होईल, हे आज मंत्रालयातही कुणी छातीठोक सांगणार नाही.

प्रकाशाचं अपवर्तन डोक्यावरून गेलं म्हणालीस. स्टीलच्या वाटीच्या तळाशी रुपयाचं नाणं ठेव. ते काठाआड जेमतेम दिसेनासं होईल इतकी मागे सरक, हलू नकोस, आणि धाकट्याला हळूहळू पाणी ओतायला सांग. नाणं वर आल्यासारखं दिसेल. किरण कुठे वाकला, त्याची आकृती काढून फोटो पाठव. गुरुवारी संध्याकाळी सहाला फोन करते, तेव्हा ती आकृती मला तू शिकवायची. मैत्रिणीला रेंज असली तर तिलाही कॉलवर घे.

तुझ्या,
बाई