सोसायटीच्या ठरावामुळे मला घर सोडावं लागेल का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, अविवाहित. मुलुंडला ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर वन बीएचके घेतलाय. चार महिने झाले. आता सोसायटीने 'एकट्या महिलांना फ्लॅट भाड्याने देऊ नये' असा ठराव केलाय. रात्री साडेदहानंतर वॉचमन मला गेटवर थांबवतो, सेक्रेटरींना फोन लावायला सांगतो. घरमालक म्हणतात, 'मॅडम, महिनाअखेर दुसरीकडे बघा.' काय करू?

उत्तर : घाईने सामान बांधू नका. करार काढा आणि त्यातली लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) व नोटिशीची कलमं नीट वाचा. मालकांना मुदतीआधी करार संपवायचा असेल तर त्यात लिहिल्याप्रमाणेच संपवावा लागेल. जिन्यात भेटून सांगितलं, एवढ्याने नोटीस होत नाही.

आता सोसायटी. ठराव उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांच्या, वर जाऊ शकत नाही. सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आगाऊ कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मात्र तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी कोणते, हे मालकांकडून पाहून घ्या. ठरावाविरुद्ध वॉर्डाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार मालकांनी केलेली बरी, कारण सभासद ते आहेत. त्यांना बहुधा सोसायटीशी वाकडं घ्यायचं नसेल. तक्रारीचा मसुदा तुम्हीच तयार करून सहीला द्या. लोक तयार कागदावर सही करतात.

गेटचा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो. स्वतःच्या घरी जाणाऱ्या माणसाला वाटेत अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी मालकांची सही लागत नाही. पुढच्या वेळी तारीख, वेळ, वॉचमनचं नाव आणि तो काय म्हणाला हे लगेच लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो ठराव आला असेल तर स्क्रीनशॉट घ्या. मग सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या. तरी थांबले नाहीत तर पोलीस ठाण्यात जा. चारित्र्यावरून काही बोललं गेलं असेल तर तेही तक्रारीत जसंच्या तसं लिहा, त्याच संहितेचं कलम ७९ (स्त्रीच्या विनयाचा अपमान) लागू शकतं.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. मालकांनी पहिल्याच दिवशी 'एकटी बाई नको' म्हटलं असतं तर कायद्याने तुम्हाला फारसं काही मिळालं नसतं. संविधानाच्या कलम १५ मध्ये भेदभावाला मनाई असलेल्या जागांत दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत. खासगी भाड्याचं घर नाही. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यात नोकरदार महिलांच्या निवासासाठी जागा राखण्याची तरतूद आहे, पण तुमचा आजचा प्रश्न तिने सुटत नाही. दिवसभर या शहरासाठी राबणाऱ्या बाईला रात्री गेटवर ओळख द्यावी लागते, याची मला मनापासून चीड येते.

आणि मुदत संपल्यावर थांबू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली ताबा तर जाईलच, शिवाय भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागेल. नूतनीकरणाचं बोलणं दोन-तीन महिने आधीच लेखी सुरू करा.