योगसूत्रांतून चिंता समजून घ्यायची तर सुरुवात कुठून?

ताई, चारही पाद (योगसूत्रांची प्रकरणं) एकदम वाचायला घेऊ नका. पहिल्या पादातली 30 ते 34 एवढीच सूत्रं घ्या, महिनाभर पुरतील.

31 वं सूत्र नीट वाचा. चित्त विखुरलं की दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास सोबत येतात, असं ते सांगतं. चिंता शरीरातही दिसते हे पतंजलींनी स्पष्ट नोंदवलंय. म्हणून 34 व्या सूत्रातला उपाय श्वासाचा आहे. खुर्चीवर ताठ बसा, चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं बस्स. सूत्रात श्वास रोखणंही आहे, पण ते आत्ता नको. ओढूनताणून लांबवलात तर चक्कर येते. तसं झालं तर नेहमीच्या श्वासावर या.

नवशिक्यांच्या दोन चुका फार दिसतात:

- 'निरोध' (चित्तातल्या वृत्ती शांत होणं) म्हणजे विचार दाबणं असं समजणं. दाबलेला विचार जोरानं परततो. तहसीलमधून कन्नड नोटीस आली आणि पोटात गोळा आला, तर आधी विचारा: हा राग (म्हणजे आसक्ती), द्वेष, की अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, मुळात मरणाची भीती?
- भीती वाटते म्हणून स्वतःला कमी लेखणं. अभिनिवेश विद्वानांनाही सुटत नाही, असं दुसऱ्या पादातलं 9 वं सूत्रच सांगतं.

चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल, तर बेळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत दाखवा. श्वासाचा सराव सोबत चालू राहू दे.